अंगणाविना मशीद : गुलबर्गा किल्ल्यातील जामा मशिदीचा इतिहास

गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथील किल्ल्यात बाला हिसारजवळ उभी असलेली जामा मशीद ही बहमनी सल्तनतीच्या पहिल्या राजधानीची शुक्रवारची मशीद. तिच्या शिलालेखात हिजरी 769 (इ.स. 1367) हे वर्ष, सुलतान मुहम्मदशहा पहिला याची कारकीर्द आणि रफी बिन शम्स बिन मन्सूर अल्-कझवीनी हे बांधणाऱ्याचे नाव येते. मशिदीची लांबी 216 फूट, रुंदी 176 फूट आणि क्षेत्रफळ सुमारे 38,000 चौरस फूट आहे. एवढ्या विस्तारात उघडे अंगण कुठेच नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत सारी जागा घुमटांच्या छताखाली आहे. भारतातील मोठ्या मशिदींत ही रचना जवळजवळ एकमेव मानली जाते आणि मशिदीची ख्यातीही मुख्यतः त्यावरच उभी आहे.

राज्य आणि राजधानी

चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खन दिल्लीच्या तुघलकांच्या ताब्यात होते. मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद करून तेथे आपली दुसरी राजधानी वसवली. पुढे त्याच्या धोरणांना कंटाळलेल्या दख्खनमधील सदाह अमिरांनी, म्हणजे तेथील लष्करी अधिकाऱ्यांनी, बंड केले. आधी इस्माइल मुख याला गादीवर बसवण्यात आले. त्याने पद सोडल्यावर 3 ऑगस्ट 1347 रोजी दौलताबादेत हसन याचा राज्याभिषेक झाला. अलाउद्दीन हसन बहमनशहा या नावाने तो राज्य करू लागला आणि त्याने राजधानी गुलबर्ग्यास नेली. राजधानीला अहसनाबाद हे नाव मिळाले.

ही निवड विचारपूर्वक होती. दौलताबाद उत्तरेच्या वाटेवर, दिल्लीच्या सैन्याला सहज गाठता येईल असे होते. गुलबर्गा त्यापेक्षा बरेच दक्षिणेस होते. तेथून कृष्णा-तुंगभद्रेचा दुआब जवळ होता आणि त्या दुआबासाठी विजयनगरशी पुढे पिढ्यान्‌पिढ्या लढाया होणार होत्या. जुन्या किल्ल्याची डागडुजी झाली; दुहेरी तट, बुरूज आणि रुंद खंदक यांनी तो बळकट झाला. आत बाला हिसार हा भक्कम बालेकिल्ला उभा राहिला.

हसनचा मुलगा मुहम्मदशहा पहिला 1358 मध्ये गादीवर आला व 1375 पर्यंत राज्य करत राहिला. बापाने जिंकलेल्या मुलखाला राज्याचे रूप देण्याचे काम त्याने केले. मुलखाची गुलबर्गा, दौलताबाद, बीदर आणि वऱ्हाड अशा चार तरफांत (प्रांतांत) विभागणी झाली. त्यांतील दौलताबाद आणि वऱ्हाड या दोन तरफांचा बराच मुलूख आजच्या महाराष्ट्रात येतो. प्रत्येक तरफेवर तरफदार नेमला गेला. सोन्याची नाणी पाडण्यात आली, दरबाराचे रीतिरिवाज ठरले. तेलंगणाच्या राजाकडून आलेले तख्त-ए-फिरोजा हे सिंहासन त्याने वापरात आणले आणि नौरोज या इराणी नववर्षदिनी त्यावर तो विधिपूर्वक बसल्याचे इतिहासकार सांगतात. राजमाता हजला गेली आणि त्याच सुमारास कैरोतील अब्बासी खलिफाकडून या नव्या घराण्याला मान्यता मिळाली.

मशिदीचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. शुक्रवारच्या नमाजापूर्वीच्या खुतब्यात (प्रवचनात) ज्याचे नाव घेतले जाई तो राज्यकर्ता, असा त्या काळचा संकेत होता. नाण्यावरचे नाव आणि खुतब्यातले नाव ही सत्तेची दोन चिन्हे मानली जात. दिल्लीपासून फुटून निघालेल्या राज्याला म्हणूनच स्वतःची जामा मशीद हवी होती, आणि ती राजवाड्याच्या जवळ, तटाच्या आत असणे सोयीचे होते. शिलालेखातील 1367 हे वर्ष विजयनगरशी झालेल्या मोठ्या युद्धाच्या काळातले आहे.

कझवीनचा बांधणारा

शिलालेखात सुलतानाबरोबर बांधणाऱ्याचेही नाव असणे ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. मध्ययुगीन भारतातील बहुतेक इमारतींचे कारागीर अनामिक राहिले. येथे रफीचे नाव बापाच्या आणि आजोबाच्या नावासह कोरले गेले आहे आणि त्यापुढे ‘अल्-कझवीनी’ ही ओळख आहे. कझवीन हे इराणच्या वायव्य भागातील जुने शहर. तेथील जामा मशिदीत बाराव्या शतकाच्या आरंभी सेल्जुक अमीर खुमारताश याने बांधवलेले घुमटाचे भव्य दालन आजही उभे आहे. मेहराबीपुढच्या (प्रार्थनेची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यापुढच्या) जागेवर मोठा घुमट उभारण्याची प्रथा सेल्जुक काळातील इराणमध्ये रूढ झाली होती. इस्फहानच्या जामा मशिदीत वजीर निजामुल्मुल्क याने 1086 च्या सुमारास बांधवलेला घुमट हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. रफी हा या परंपरेच्या प्रदेशातून आलेल्या घराण्यातला होता एवढे त्याच्या नावावरून कळते.

असा माणूस दख्खनमध्ये असणे त्या काळी नवलाचे नव्हते. दिल्लीशी संबंध तुटल्यावर उत्तरेकडून येणारी माणसांची वाट आटली. बहमनी दरबाराने मग पश्चिम किनाऱ्याकडे तोंड वळवले. कोकणातील चौल आणि दाभोळ ही बंदरे होर्मुझशी व इराणी आखाताशी जोडलेली होती. घोडे याच वाटेने येत आणि त्यांच्याबरोबर व्यापारी, सैनिक, कवी, हकीम व बांधकामाचे जाणकारही येत. या परदेशी मंडळींना ‘आफाकी’ म्हणत, तर येथे स्थायिक झालेल्या जुन्या मुसलमानांना ‘दखनी’. दुसरा मुहम्मदशहा (1378–1397) याच्या काळात कवी हाफिज यालाही शिराजहून बोलावणे गेले होते. तो होर्मुझला जहाजावर चढला, पण वादळाला घाबरून परत फिरला, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. पुढे सुलतान झालेला फिरोजशहा (1397–1422) गोवा आणि चौल या बंदरांतून दरवर्षी जहाजे पाठवून देशोदेशीचे गुणी लोक आणवीत असे, असेही फिरिश्त्याने लिहिले आहे. रफीचे नाव शिलालेखात येते ते या ओघाच्या सुरुवातीच्या काळात.

मशिदीच्या कालनिर्णयाबाबत मात्र अभ्यासकांचे एकमत नाही. काही जण शिलालेख प्रमाण मानून 1367 हेच वर्ष धरतात. काही अभ्यासक कमानींची घडण आणि घुमटांची रचना पाहून ही इमारत फिरोजशहाच्या काळात, पंधराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाली असावी असे मानतात. त्यांच्या शंकेला आधार आहे. मुहम्मदशहाच्या काळातल्या गुलबर्ग्यातील इतर इमारती अगदी वेगळ्या वळणाच्या आहेत.

आधीच्या मशिदी

हे वेगळेपण समजण्यासाठी दख्खनमधील आधीच्या मशिदींकडे पाहावे लागते. दौलताबादची जामा मशीद 1318 ची, खिलजी काळातली. तिच्यात मोठे अंगण असून पश्चिमेच्या दालनाला जुन्या मंदिरांचे खांब वापरलेले आहेत. विजापूरची करीमुद्दीन मशीद (1320) त्याच पद्धतीची. खांब आणि आडवी तुळई यांवर छत बसवण्याची स्थानिक कारागिरांची सवय या दोन्ही ठिकाणी स्पष्ट दिसते.

गुलबर्ग्यातील शाह बाजार मशीद मुहम्मदशहाच्याच काळातली मानली जाते. ती किल्ल्याबाहेर, शहरात आहे. तिला दरवाजा, अंगण आणि पश्चिमेस नमाजाचे दालन अशी नेहमीची मांडणी आहे. वर निमुळत्या होत जाणाऱ्या भिंती, जाड बांधकाम आणि ठेंगणे घुमट ही सारी तुघलकांच्या दिल्लीची आठवण करून देणारी लक्षणे. हसन आणि मुहम्मद यांच्या कबरीही त्याच वळणाच्या आहेत. राजकीयदृष्ट्या दिल्लीपासून अलग झालेले राज्य बांधकामात मात्र अजून दिल्लीचीच भाषा बोलत होते. किल्ल्यातील जामा मशिदीत ही भाषा प्रथमच बदललेली दिसते.

रचना

मशिदीच्या आराखड्याचे तीन भाग सहज ओळखता येतात : मधले स्तंभांचे सभागृह, त्याच्या तीन बाजूंनी फिरणाऱ्या ओवऱ्या आणि पश्चिमेस मेहराबीपुढचे घुमटाचे दालन.

सभागृहात चौकोनी पायांच्या, म्हणजे जाड खांबांच्या, समांतर रांगा आहेत. दर चार पायांमध्ये एक चौरस खण तयार होतो. खणाच्या चारी बाजूंना टोकदार कमानी आहेत, कोपऱ्यांत पैलू पाडलेले त्रिकोणी बांधकाम पुढे काढून चौकोनाचा गोल केला आहे आणि त्यावर बसका घुमट बसवला आहे. असे लहान घुमट साठाहून अधिक आहेत. इतर मशिदींत ज्या जागी आकाशाखालचे अंगण असते ती सगळी जागा येथे या खणांनी व्यापली आहे. आतील बांधकाम साधे असून चुन्याच्या गिलाव्याने ते एकसंध दिसते. कोरीव नक्षी फार थोडी आहे. एका रांगेतून पाहिले की कमानीमागे कमान अशी लांबवर ओळ दिसते. तिरके पाहिले की तेच पाये वेगळ्या ओळी धरतात. सजावटीचे काम येथे ही मांडणीच करते.

उत्तर, पूर्व आणि दक्षिण बाजूंच्या ओवऱ्यांत कमानींचे रूप एकदम पालटते. या कमानी फार रुंद आहेत आणि त्या जमिनीपासून थोड्याच उंचीवर वळायला लागतात. उभ्या पायाचा भाग आखूड आणि कमानीचा पसारा मोठा, त्यामुळे त्या दबल्यासारख्या दिसतात. आतील कमानी याच्या उलट अरुंद आणि उभट आहेत. भारतात यापूर्वी अशा प्रमाणाच्या कमानी परिचित नव्हत्या आणि इराणी वळणाचा सर्वांत स्पष्ट ठसा याच भागात पाहिला जातो. ओवऱ्या बाहेरच्या बाजूने उघड्या असल्याने उजेड व वारा मुख्यतः त्यांतून आत येतो.

या रुंद कमानींना बांधकामाचेही कारण असावे. घुमट आपला भार खाली टाकतो तसाच बाहेरच्या बाजूलाही रेटा देतो. सभागृहाच्या मध्यभागी शेजारशेजारच्या घुमटांचे रेटे एकमेकांना तोलतात, म्हणून तेथे तुलनेने सडपातळ पाये पुरतात. कडेच्या रांगेला बाहेरून तोलणारा शेजारी नसतो. तेथे ओवऱ्यांचे जड बांधकाम हा रेटा पेलते. मशिदीच्या कोपऱ्यांवर चार मोठे घुमट आहेत आणि त्यांचे वजनही कोपरे दाबून धरण्यास उपयोगी पडते.

पश्चिमेस मेहराबीपुढे नऊ खणांएवढी जागा मोकळी सोडून त्यावर एकच मोठा घुमट उभारला आहे. येथे कमानींना तीन पाकळ्यांचा आकार आहे. घुमट थेट छतावर बसवलेला नाही. आधी चौरस मजला उचलला आहे, त्याला झरोके ठेवले आहेत आणि त्यावर घुमट आहे. त्यामुळे बाहेरून तो लहान घुमटांच्या पसाऱ्यावर स्पष्ट उठून दिसतो आणि आत मेहराबीवर वरून उजेड पडतो. कोपऱ्यांचे चार आणि मधला एक अशा पाच घुमटांनी मशिदीचे बाह्यरूप ठरते. मिनार एकही नाही. उत्तरेकडील बाजूस पुढे आलेली प्रवेशकमान नंतर जोडलेली आहे.

तुलना

या मशिदीची तुलना स्पेनमधील कॉर्डोबाच्या मशिदीशी वारंवार केली जाते. आतील पायांच्या व कमानींच्या रांगा पाहता ती सुचणे साहजिक आहे. पण कॉर्डोबाच्या सभागृहापुढे मोठे अंगण आहे आणि तेथील छत घुमटांचे नाही. दोन्ही मशिदींचा मूळ विचारच वेगळा आहे. त्यापेक्षा जवळची उदाहरणे दोन दिशांना सापडतात. अनातोलियातील बुर्सा येथे उस्मानी सुलतान पहिला बायझीद याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधवलेली उलू मशीद वीस घुमटांखाली पूर्ण झाकलेली आहे. दिल्लीत फिरोज तुघलकाच्या वजिराने बांधवलेली खिडकी मशीदही बरीचशी झाकलेली आहे. तिच्यात लहान घुमटांचे गट असून मध्ये चार छोटी अंगणे राखली आहेत. चौदाव्या शतकात अनेक घुमटांचे छत हा प्रश्न वेगवेगळ्या ठिकाणी हाताळला जात होता. एवढ्या मोठ्या मशिदीत अंगण पूर्णपणे टाकून देण्याचे धाडस भारतात जवळजवळ गुलबर्ग्यालाच झाले.

युरोपीय अभ्यासकांचे लक्ष या वैशिष्ट्याकडे एकोणिसाव्या शतकात गेले. जेम्स फर्ग्युसन याने 1876 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वास्तुकलेच्या इतिहासात सर्व क्षेत्रफळ छताखाली असलेली मोठी मशीद म्हणून तिची नोंद घेतली. विसाव्या शतकात पर्सी ब्राउन याने ओवऱ्यांतील रुंद कमानींचे महत्त्व विशद केले.

प्रभाव

छताखालच्या मशिदीचे फायदे उघड होते. ऊन-पावसापासून सर्व नमाजींना आसरा मिळत होता आणि उजेड ओवऱ्यांतून सौम्य होऊन येत होता. तरी दख्खनमध्ये ही मांडणी पुन्हा झाली नाही. त्याची कारणे इमारतीतच शोधता येतात. अंगणात गर्दीच्या दिवशी जास्त माणसे सामावता येतात, छताखालच्या जागेला मर्यादा पडते. पायांच्या दाट रांगांमुळे मागच्या लोकांना मेहराब व मिंबर (प्रवचनाचे व्यासपीठ) दिसत नाहीत. साठाहून अधिक घुमटांचा खर्चही अंगणाला लागत नाही.

फिरोजशहाने गुलबर्ग्याच्या दक्षिणेस, पंढरपूरहून खाली वाहत येणाऱ्या भीमेच्या काठी फिरोजाबाद हे शहर 1400 च्या सुमारास वसवले. तेथील जामा मशिदीत विस्तीर्ण अंगण परत आले. बीदरची सोला खांब मशीद (1423–24) ही सभागृहवजा मशीद असून तिच्या मेहराबीपुढे उंच मजल्यावर उचललेला घुमट आहे. विजापूरची जामा मशीद पहिल्या अली आदिलशहाने 1570 च्या दशकात सुरू केली. तिच्यात गुलबर्ग्याचे दोन धडे एकत्र दिसतात : चौरस मजल्यावर उचललेला मेहराबीपुढचा मोठा घुमट आणि भोवती बसक्या घुमटांचे खण. पुढे मात्र प्रशस्त अंगण आहे. गुलबर्ग्यातच सूफी संत ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांच्या दर्ग्याच्या आवारात एक अतिशय रुंद कमान आहे. जामा मशिदीच्या ओवऱ्यांतील कमानींशी तिचे नाते चटकन ध्यानात येते. कझवीनच्या बांधणाऱ्याचा आराखडा दख्खनने स्वीकारला नाही. त्याने उभारलेल्या मशिदीतील रुंद कमान आणि उचललेला घुमट मात्र पुढच्या दोन शतकांच्या बांधकामात मुरले.

राजधानी गेल्यानंतर

फिरोजशहानंतर गादीवर आलेल्या अहमदशहाने (1422–1436) राजधानी बीदरला हलवली. गुलबर्गा तरफेचे मुख्य ठाणे म्हणून राहिले. राजाच्या नावाचा प्रमुख खुतबा आता बीदरला होऊ लागला आणि किल्ल्यातील मशिदीचे दरबारी महत्त्व ओसरले. शहराची ओळख यापुढे गेसूदराजांच्या दर्ग्याशी अधिक जोडली गेली. बहमनी राज्याचे तुकडे झाल्यावर गुलबर्गा विजापूरच्या आदिलशहांकडे गेले. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात कृष्णदेवरायाच्या स्वारीत किल्ल्याची हानी झाली आणि पुढे आदिलशहांनी त्याची दुरुस्ती केली. 1686 मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकल्यावर हा मुलूख मोगलांकडे आणि 1724 नंतर हैदराबादच्या निजामाकडे आला.

निजामाच्या राज्यात 1914 मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. राज्यातील जुन्या इमारतींच्या नोंदी आणि जतन यांना त्यांच्या काळात शिस्त आली. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. 1 नोव्हेंबर 1956 च्या भाषावार पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेला. बहमनी काळापासून बहुतेक वेळ एकाच सत्तेखाली राहिलेले दौलताबाद आणि गुलबर्गा अशा रीतीने दोन राज्यांत विभागले गेले.

आज किल्ला आणि मशीद भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. 2014 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत दख्खनी सल्तनतींच्या वास्तूंचा समावेश झाला. त्यात बीदर, विजापूर आणि हैदराबाद यांच्या बरोबरीने गुलबर्ग्यातील बहमनी वास्तूही आहेत. सोलापूरहून रेल्वेने शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या या शहरात किल्ल्याच्या तटाआतले राजवाडे बहुतांश नाहीसे झाले आहेत. बालेकिल्ला आणि जामा मशीद या दोन इमारती तेवढ्या बहमनींच्या पहिल्या राजधानीची साक्ष देत समोरासमोर उभ्या आहेत.